वाचून दाखवलेला शिक्का

गेल्या दिवाळीत पुतणी पुण्याहून आली ती तोंड फुगवूनच. ती कॉम्प्युटरवर काम करते. ताटातली चकली तशीच पडलेली आणि ही बाई फोनवर कुणाला तरी अशी झापत होती की शेजाऱ्याच्या कोंबड्या गप्प झाल्या. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय झालं वं?"

"काका, तुम्हाला नाही कळणार. माझ्या मशीनवर फाइल चालते. तीच फाइल दुसऱ्याच्या मशीनवर गेली की ढिम्म. अक्षर न् अक्षर तेच आहे. पण 'हिला चालवायची परवानगी आहे' अशी एक खूण असते, ती त्या दुसऱ्या जातीच्या मशीनला कळतच नाही. फाइल तिकडून फिरून आली की खूण गळून पडलेली असते."

मशीनलाही जात असते हे मला नवीन होतं. बाकी काहीच नवीन नव्हतं.

"अवं पोरी," मी म्हणालो, "परवानगी गळून पडते हे मले सांगते? तुयी माय नक्कल घेऊन उभी होती, अक्षर न् अक्षर तेच होतं, अन् तिले रिकामी बादली घेऊन खाली उतरावं लागलं होतं."

आतून वहिनीचा आवाज आला, "भावजी, वाढवून नका सांगू."

मी कधीच वाढवून सांगत नाही. माझ्या बाबतीत गोष्टी घडतातच मोठ्या, त्याला मी काय करू?

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही इंझोरीचे. विहाराच्या ओट्यावर आमची नाटक मंडळी बसायची. नाटक लिहिलं होतं मास्तरांनी. मास्तर म्हणजे आमच्याच वस्तीतले, शाळेत शिकवायचे, अंगानं इतके बारीक की वारा सुटला की खिशात दोन खडे टाकून घराबाहेर पडायचे. पण लिहायला बसले की हत्ती.

नाटक होतं विहिरीचं. एक बाई घागर घेऊन विहिरीपाशी उभी असते. तिनं विहिरीवर चढायचं नाही, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. दहा पानं ती उभीच राहते. लोक येतात, जातात, बोलतात, टोमणे मारतात. अकराव्या पानावर ती सरळ काठावर चढते, दोर सोडते आणि आपलं पाणी आपण ओढते. त्या पानावर संवाद चारच. बाकी नुसती गडगडीची, म्हणजे दोराच्या चाकाची, कुरकुर.

त्या काळी बाईचं काम गडीच करायचे, मिशा काढून. आमच्याकडेही एक गडी ठरला होता, त्यानं मिशा काढल्याही होत्या. तेवढ्यात वहिनी तालमीत आली आणि म्हणाली, "पानी मी ओढीन."

सगळे माझ्या मोठ्या भावाकडे बघायला लागले. भाऊ पडद्याचा दोर सांभाळायचा, बोलायचा कमी. तो म्हणाला, "माह्याकडं काय पाहता? तिनं इचारलं कुठी? तिनं सांगितलं."

वहिनीच्या माहेरी ती लहानपणी खरोखरच अशी उभी राहिलेली. सकाळी घागर घेऊन जायची आणि ऊन डोक्यावर आल्यावर कुणाला तरी दया यायची. आमच्या लोकांनी घरातले देव्हारे रिकामे केले त्याला आता वीसेक वर्षं होत आली होती. पण त्या विहिरीचा काठ वहिनीनं पायाखाली कधी घेतला नव्हता. "थे पानी मलेच ओढायचं हाये," ती म्हणाली, "अन् समोर बाजार पाह्यजे. घरच्या लोकायसमोर ओढून काय करू? अन् कोरडी बादली मी नाई ओढनार. आत खरं पानी पाह्यजे."

मग पोत्यांचा गोल काठ केला, आत पिंप ठेवलं, वर खरी गडगडी बांधली. मिशा काढलेला गडी महिनाभर आमच्याशी बोलला नाही. तोंड झाकून वावरात जायचा.

आता परवानगी. नाटक करायचं तर वही कचेरीत पाठवावी लागे. तिथले साहेब वाचणार, पानापानावर शिक्का मारणार, मग ती आपल्याकडे येणार. आमची वही गेली तेव्हा मला मिशा फुटत होत्या, आली तेव्हा त्यांना पीळ बसत होता. पण आली झोकात. प्रत्येक पानाच्या डोक्यावर गोल शिक्का. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात बरंच काही. आणि अकराव्या पानावर साहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं भली मोठी फुली मारलेली, आणि त्या फुलीच्या कडेला काळ्या शाईनं लिहिलेलं, 'राहू द्यावे', खाली सही. माझा आपला अंदाज, फुली मारल्यावर साहेबांना तहान लागली असावी.

मास्तरांनी वही ट्रंकेत घातली आणि किल्ली जानव्याला अडकवतात तशी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. फरक इतकाच की त्या दोऱ्यावर किल्लीशिवाय काही नव्हतं. "वही गेली तं परवानगी गेली," ते म्हणायचे. "वही घर सोडनार नाई. खेळाले नकला न्या."

नक्कल म्हणजे प्रत्येक नटाची आपापल्या कामाची वही. आमच्याकडे त्या करायची एकच रीत होती: एकानं मधे बसून वाचायचं, बाकीच्यांनी भोवती बसून लिहायचं. वाचायचं काम माझं, कारण आवाज. पोहरादेवीच्या यात्रेत चुकलेली माणसं माझ्या आवाजाच्या रोखानं आपापल्या गावी पोचायची. मी नकला वाचून दाखवल्या तेव्हा ओट्यावरच्या सहा जणांनी लिहून घेतल्याच, पण पलीकडच्या गावात दोघांनी घरी बसून लिहिल्या. त्यांचं नाटकात कामही नव्हतं.

वहिनी तेव्हा मास्तरांच्या रात्रशाळेत अक्षर शिकलेली. तिनं आपली नक्कल आपल्या हातानं लिहिली. एका ओळीत तीन शब्द, एकेक अक्षर वांग्याएवढं.

पहिला खेळ शेलूबाजारच्या अलीकडच्या एका गावात लागला. परवानगीतच 'सूर्यास्तापूर्वी' असं लिहिलेलं, म्हणून भर दुपारी. दहा पानं झकास झाली. मी पाटलाच्या कामात असा गरजलो की मागच्या झाडावरचे पोपट गाव सोडून गेले. आणि वहिनी विहिरीच्या काठाकडे वळली, बादलीला हात घातला, तोच जमादार स्टेजवर चढला.

हा जमादार त्या भागातल्या बारा गावांचा. पोट असं की आधी पोट यायचं, मग पट्टा, मग जरा वेळानं जमादार. त्या भागातल्या दोन-चार मोठ्या घरांत त्याचं जेवणखाण चालायचं आणि त्या घरांना आमचं अकरावं पान पसंत नव्हतं, हे सांगायची गरज नाही.

"थांबवा," तो म्हणाला. "शिक्का दाखवा."

मी म्हणालो, "शिक्का वहीवर हाये साहेब. वही इंझोरीले, ट्रंकेत."

"बाई कशातून बोलून राह्यली?"

"नकलेतून."

"आन इकडं नक्कल." त्यानं वहिनीच्या हातातून वही घेतली, अकरावं पान काढलं, उलटं केलं, उन्हात धरलं. "हे पाहा. इथं शिक्का नाई. ज्याच्यावर शिक्का नाई थे चालनार नाई."

"पन अक्षर तेच हाये ना, साहेब! एक काना कमी दाखवा!"

"अक्षर गेलं खड्ड्यात. मी अक्षर वाचाले आलो का? उतरा खाली."

माणसं ओरडली, जमादारानं काठी आपटली, खेळ मोडला. वहिनी बादली हातात घेऊन उतरली. रिकामी. तिला पाण्यात टेकवूसुद्धा दिली नव्हती. परतीच्या जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो, तरी कुणाचा कुणाला धक्का लागल्याचं मला आठवत नाही. सगळे इतके आकसून बसलेले.

दुसऱ्या दिवशी वहिनी मास्तरांकडे गेली, ट्रंक उघडायला लावली आणि आपली नक्कल मूळ वहीशेजारी मांडून बसली. तासाभरानं तिनं मला हाक मारली.

"भावजी, तुमी वाचलं तेवढंच आमी लिवलं ना?"

"हाव."

"मंग शिक्का काहून नाई वाचला?"

मी हसलो. "शिक्का कोनी वाचते का? वाचतात थे शब्द. शिक्का पाहायचा असते."

"तुमाले दिसला. आमाले कसा दिसन? आमी तुमच्या तोंडाकडं पाहून लिवलं. तुमच्या तोंडातून जे नाई आलं थे माह्या नकलेत कुठून येईन?" तिनं बोट ठेवलं. "फुली नाई वाचली. 'राहू द्यावे' नाई वाचलं. सही नाई वाचली. तुमी माहं पानी मधातच सांडलं भावजी."

मी मूळ वही पुढ्यात ओढली आणि पहिल्यांदाच शिक्क्याकडे नीट बघितलं.

मास्तर म्हणाले, शिक्के मारून आणू. गेले कचेरीत. तिथल्या कारकुनानं सांगितलं, एका नाटकाला एकच वही, नकलांना शिक्के मारायची पद्धत नाही. मग मास्तर म्हणाले, मूळ वहीच नेऊ, होईल ते होईल. वहिनी म्हणाली, "वही न्या. पन नकला बी पुन्ना लिवा. या वेळी सारं वाचा. जे दिसते थे सारं."

मग त्या ओट्यावर जे वाचन झालं तसं या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता, तर त्याच्या आजच्या दोन्ही जिल्ह्यांत कुठं झालं नसेल. मी पहिल्या पानापासून सुरू केलं. "वर गोल शिक्का. आत सिंह. तीन सिंह दिसतात."

एकानं लिहिता लिहिता विचारलं, "तीन का चार?"

"चवथा पाठीमांगं हाये."

"मंग तसं सांग ना. आमी काय तिनाचे चार करू?"

सगळ्यांनी लिहिलं: तीन सिंह दिसतात, चौथा पाठीमागं. अशोकाचे सिंह म्हणजे आमच्या घरचेच, त्यातला एक सोडून कसा चालेल? मी शाईचा डाग वाचला. साहेबांच्या सहीचं वळण वाचलं: "आधी डोंगर, मंग नाला, मंग मेलेला साप." पहिल्या पानाच्या तळाची बारीक अक्षरं वाचली, जावक क्रमांकासकट, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. अकराव्या पानाची फुली वाचली, कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या कोपऱ्यात, आणि 'राहू द्यावे' तर मी दोनदा वाचलं. वहिनीनं दोनदा लिहिलं.

त्यात झालं असं की आमच्या नटांना नक्कल पाठ करायची म्हणजे वरपासून खालपर्यंत पाठ करायची, एवढंच माहीत. त्यांनी शिक्केही पाठ केले. तालमीत एक जण रागानं आत यायचा, मूठ आवळायचा आणि ओरडायचा, "पान सहा, गोल शिक्का, कडेला शाईचा डाग, कोन हाये रे विहिरीवर!" मास्तर कपाळ बडवून घ्यायचे.

दुसऱ्या खेळाला निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी वही ट्रंकेतून काढली. कसर लागल्यासारखी वाटली म्हणून अंगणात उन्हाला ठेवली, किल्ली गळ्यात तपासली आणि चहा प्यायला आत गेले. शेजारणीच्या बकरीनं पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि मास्तर बाहेर आले तेव्हा ती बारावं पान चावत होती. जनावर शिस्तीचं होतं. एकही पान मधे सोडलं नाही.

म्हणजे आता परवानगी बकरीकडे होती आणि नाटक आमच्याकडे.

मास्तर जमिनीवर बसले. "संपलं. आता नाई जायचं. बाजारात पुन्ना तोच जमादार येईन."

वहिनी म्हणाली, "बकरीनं कागद खाल्ला. मले कोनी नाई खाल्लं. जीप सांगितली हाये ना? मंग जाऊ."

गेलो. शेलूबाजारला जीप बदलली आणि पलीकडच्या एका बाजाराच्या गावी उतरलो. गावाचं नाव सांगत नाही, जमादाराची नातवंडं अजून तिथं नांदतात आणि चांगली पोरं आहेत. बाजाराचा दिवस, भर दुपार. मिरच्यांची पोती, बैल, भांडी, आणि समोर माणूस इतका की मुंगीला रांगेत उभं राहावं लागलं असतं. वहिनीला हवा होता तसा बाजार.

दहा पानं झाली. वहिनी काठाकडे वळली. पोट स्टेजवर चढलं, मग पट्टा, मग जमादार.

"शिक्का."

वहिनीनं नक्कल उघडली. पण दिली नाही. लोकांकडे तोंड केलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"पान अकरा. वर गोल शिक्का. तीन सिंह दिसतात, चौथा पाठीमागं. पानावर तांबडी फुली, डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात. फुलीच्या बाजूले काळी शाई. राहू द्यावे. राहू द्यावे."

"हे लिवलेलं हाये," जमादार म्हणाला. "शिक्का मारत असतात. शिक्का लिवते का कोनी? मूळ वही आना."

"बकरीनं खाल्ली," मास्तर पडद्याआडून खरं बोलून गेले.

बाजार हसला. जमादार सगळ्यांत मोठ्यानं हसला. "मंग बकरीले नाचवा!"

आता माझी पाळी होती. ज्यानं सांडलं त्यानंच भरायचं. मी पाटलाचा फेटा सावरून पुढं आलो, छाती भरून घेतली आणि पहिलं पान सुरू केलं. बैल खुंट्याला ओढ घ्यायला लागले. "पान एक! प्रयोगास परवानगी आहे! सूर्यास्तापूर्वी! जावक क्रमांक चारशे सत्तेचाळीस! सही, आधी डोंगर, मंग नाला, मंग मेलेला साप!" मागून बाकीचे नटही लागले, कुणी पान चार, कुणी पान नऊ, प्रत्येकाचा शिक्का, प्रत्येकाचा सिंह. कुणी नक्कल उघडली नव्हती. सगळं तोंडपाठ. आणि पहिल्या पानाची शेवटची ओळ उरली होती, तळाची, बारीक अक्षरातली. ओट्यावर मी ती वाचली होती खरी, पण तिच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. पाठ होती म्हणून तोंडातून निघाली.

"प्रत माहितीसाठी, संबंधित चौकी!"

पुढं मिरच्या घेऊन बसलेली एक बुढी होती. तिनं पान थुंकलं आणि म्हणाली, "जमादार भाऊ, चौकी तं तुयीच ना बा? मंग थो कागद तुह्याच कडं असन."

जमादाराचा हात बोलला. तो आपोआप वरच्या खिशाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. हजारभर माणसांनी तो हात पाहिला.

"काहाडा ना साहेब!" मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळाच बाजार, "काहाडा! काहाडा!" बुढी तर उठून उभीच राहिली.

कागद निघाला. आठ घड्या घातलेला, आत सुपारी बांधलेली. मास्तरांनी सुपारी अदबीनं जमादाराच्या हातावर ठेवली आणि कागद उलगडून वाचला. जावक क्रमांक चारशे सत्तेचाळीस. सूर्यास्तापूर्वी. पान अकरावरील प्रवेश राहू द्यावा. खाली सही: डोंगर, नाला, मेलेला साप. मास्तरांनी कागद वर धरला तेव्हा पुढच्या रांगेतल्या लोकांनी साप ओळखला आणि टाळ्या वाजवल्या. शिक्काही होता. तीन सिंह. चौथा पाहायला एकानं कागदाची मागची बाजू बघितली, हे मी शपथेवर सांगतो.

पण जमादारही कसलेला गडी. त्यानं पिंपात डोकावून पाहिलं आणि बोट दाखवलं. "हे पानी खरं हाये! खऱ्या पान्याची परवानगी या कागदात कुठी हाये?"

कागदात नव्हती. वहीतही कधी नव्हती. मी मास्तरांकडे बघितलं, मास्तर भावाकडे, भाऊ पडद्याच्या दोराकडे.

वहिनी काठावर चढली. "सरका बाजूले," ती जमादाराला म्हणाली. "दोर लागन."

जमादार सरकला. का सरकला ते त्यालाही नंतर सांगता आलं नसेल. गडगडी कुरकुरली, बादली खाली गेली, पाण्यात बुडाल्याचा आवाज झाला, आणि वहिनीनं दोन्ही हातांनी ओढली. भरलेली बादली वर आली. नाटकात इथं तिनं ती घागरीत ओतायची होती. तिनं ओतली नाही. बादली काठावर ठेवली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि सगळ्या बाजारासमोर, घाई न करता, ती पाणी प्यायली. पोट भरेपर्यंत. पदरानं तोंड पुसलं.

खाली उतरलेला जमादार ओरडला, "हे वहीत नाई!"

"लिवून घेतो!" पडद्याआडून मास्तर ओरडले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

पुतणी सगळं ऐकत होती. चकली हातातच होती. म्हणाली, "म्हणजे परवानगी मजकुरातच लिहून टाकायची, म्हणजे कुठंही गेली तरी सोबत राहते. आम्हीही शेवटी तेच करतो. पण काका, ते पाणी प्यायचं तुम्ही नंतर वहीत घातलंत, ते तर मंजूर झालेल्या वहीत नव्हतं. त्याची परवानगी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आली.

"मांगितलीच नाई," ती म्हणाली. "सतरा गावायत पेली मी."

पंचवीस गावं होती. पण वहिनीसमोर मी वाढवून सांगत नाही.